गिरणीची फट

नळ उघडल्यावर आधी बोटभर जाड धार आली, मग सुतळीएवढी झाली, मग नुसते थेंब. आइलीने वाकून खालच्या स्टीलच्या पातेल्यात पाहिलं. तळसुद्धा झाकला गेला नव्हता.

"पुन्हा?" डेल्फीनने विचारलं.

"पुन्हा."

पिंपात राय, म्हणजे गव्हासारखं एक काळपट धान्य, आणि बार्ली यांचा भरडा होता. धान्याला मोड आणून ते वाळवायचं, भरडायचं, गरम पाण्यात तासभर झाकून ठेवायचं आणि पिंपाच्या तळाशी बसवलेल्या जाळीतून त्याचा गोड रस काढून घ्यायचा. तो उकळून आंबवला की बिअर. या सगळ्या खटाटोपात रस निथळू देणं हे सर्वांत निवांत काम. नळ उघडायचा आणि कॉफीचे मग घेऊन बसायचं. दोघींची निम्मी मैत्री या नळाशेजारी बसून झाली होती. नवरे, मुलं, शाळेतलं राजकारण, डेल्फीनच्या गॉर्डनची बिघडत चाललेली मूत्रपिंडं, सगळं त्या धारेच्या आवाजावर बोलून झालं होतं.

आज आवाजच नव्हता.

"तुझी ती राय," डेल्फीन म्हणाली. "साधी बार्ली घेतली असतीस तर एव्हाना रस चुलीवर असता."

"साध्या बार्लीची बिअर या हॅनकॉक गावात कुणीही करतं. साध्या बार्लीवर चालेल का आपलं दुकान?"

दुकान म्हणजे टेकडीखालची बंद पडलेली लाँड्री. सोमवारी तिच्या भाडेकरारावर दोघींच्या सह्या व्हायच्या होत्या. पाच-सहा टेबलं, एक लाकडी काउंटर, मागच्या खोलीत पिंपं आणि पाटीवर दोघींची नावं. त्यासाठी आइलीने मार्चमध्ये हायस्कूलमधली रसायनशास्त्र शिकवायची नोकरी सोडली होती. शाळेने तिच्या जागी माणूसही घेतला होता. आता मागे फिरायची सोय नव्हती, आणि आज सकाळपर्यंत तिला ती हवीशीही वाटली नव्हती.

तिने नळ बंद केला. नळ एकदम पूर्ण उघडला तर वरच्या पाण्याच्या वजनाने भरडा दबतो आणि जाळीवर गच्च बसतो. पण तिने तो जेमतेम पाव उघडला होता. मग तिने किटलीतलं कढत पाणी पिंपात ओतलं. रायचा चिकटपणा पाकासारखा असतो, गरम झाला की सैल पडतो. थर्मामीटरचा काटा हवा तिथे आल्यावर तिने पुन्हा नळ उघडला. चार थेंब.

"जाळी तर नाही तुंबली?" डेल्फीनने विचारलं.

"बघू या. तू नळीतून उलटी फुंकर मार. जोरात."

"या वयात पिंपाला तोंड लावायचं! गॉर्डनने पाहिलं तर म्हणेल, मला इतक्या प्रेमाने कधी घेतलं नाहीस."

"बोलू नकोस, फुंक."

डेल्फीनने गाल फुगवून फुंकर मारली. पिंपाच्या मध्यभागी भरडा उकळल्यासारखा बुडबुडला. म्हणजे नळी मोकळी होती, जाळी मोकळी होती. जाळीवर आइलीने आईच्या पद्धतीप्रमाणे ज्युनिपरच्या, त्या सुईसारख्या पानांच्या झुडपाच्या, डहाळ्या अंथरल्या होत्या, त्याही जागच्या जागी असणार. अडलं होतं ते धान्यातच.

तिने लाकडी वल्ह्याने भरडा तळापासून हलवला, बसू दिला, नळ किंचित उघडला. धार आली. दोघी पुढे वाकल्या. धार बारीक झाली आणि थांबली.

फेब्रुवारीतही नेमकं असंच झालं होतं. तेव्हा आइलीने दोष स्वतःकडे घेतला होता. रायला टरफल नसतं. बार्लीच्या टरफलांमुळे भरडा मोकळा राहतो आणि त्यातून रस वाट काढतो. राय जास्त झाली की सगळा चिखल होतो. 'माझाच हव्यास,' ती म्हणाली होती, 'चाळीस टक्के राय म्हणजे अतीच.' दुसऱ्या दिवशी तिने प्रमाण कमी केलं. डेल्फीनने होकारार्थी मान हलवली होती. तुला जास्त कळतं, म्हणाली होती. कमी रायची बिअर गुळमट झाली. जिभेच्या मागे मिऱ्यासारखा जो चटका लागायचा तो गेला. आइलीने दोन घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवला आणि आता दुकानासाठी हीच, अशी मनाची समजूत घातली.

आणि आज राय कमी होती. भरड्यात मिसळायचं भाताचं तूस दुप्पट होतं. तरी पिंप फेब्रुवारीपेक्षा घट्ट तुंबलं होतं.

शाळेत ती मुलांना सांगायची, ज्याच्यावर संशय आहे ते कमी करूनही बिघाड वाढत असेल, तर संशय चुकीच्या माणसावर आहे.

तिने स्वयंपाकघरातून पांढरी बशी आणली, चमचाभर भरडा त्यात घेतला आणि पाण्याने धुतला. पाणी दुधासारखं झालं. ते ओतून पुन्हा धुतलं. बशीत उरला तो चुरा. बार्लीचं टरफल अख्खं राहायला हवं, दाणा फुटून मोकळा झालेला आणि टरफल रिकाम्या पाकिटासारखं पडलेलं. इथे टरफलांच्या चिंध्या झाल्या होत्या.

"डेल्फीन, हे बघ. हे भरडलेलं नाही. दळलेलं आहे."

डेल्फीनने लांबूनच पाहिलं. "पिंपात हलवून हलवून मोडलं असेल."

"हलवून पीठ होत नाही. गिरणीच्या दोन रुळांमधली फट कमी झालीये."

गिरणी डेल्फीनच्या तळघरात असायची, रस्त्यापलीकडे. भरडताना उडणाऱ्या धुळीत बिअर आंबट करणारे जिवाणू असतात, म्हणून आइलीने पहिल्यापासून नियम केला होता की जिथे बिअर होते तिथे गिरणी नको. भरडायचं काम डेल्फीनचं. ती धान्य झाकणाच्या बादल्यांतून आणायची आणि पिंपात ओतायची. आइली वल्हं मारायची आणि वाफेने तिचा चष्मा धुरकट झालेला असायचा.

"सरकली असेल," डेल्फीन म्हणाली. "ड्रिलने फिरवतो आपण ती, केवढी थरथरते. रूळ सरकले असतील."

"असतील," आइली म्हणाली.

तेवढ्यात आइलीच्या गराजच्या दारात टोइवोकाका उभे राहिले, दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या. शेजारच्या वळणावर त्यांच्या कोंबड्या होत्या आणि रस काढून झाला की उरलेलं धान्य त्यांचं, असं ठरलेलं होतं.

"काय पोरींनो, अजून निथळतंय? माझ्या बायका उपाशी आहेत."

"तुमच्या बायका कधी उपाशी नसतात, काका," आइली म्हणाली. "आज उशीर आहे. तुंबलंय."

"तुंबू दे. खरं सांगू, मंगळवारचंच अजून संपलेलं नाही. काय चिकट होतं ते, डेल्फीन! चोची चिकटल्या एकेकीच्या. अख्खी दुपार कुणी ओरडलं नाही. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा शांत झोपलो."

आइलीने डेल्फीनकडे पाहिलं.

"बार्ली होती ती," डेल्फीन म्हणाली. "जुनी, पडलेली. टाकून द्यायची होती."

"बार्ली?" टोइवोकाका हसले. "माझ्या बापाने आयुष्यभर रायची भाकर खाल्ली, मला राय कळत नाही होय! आणि ज्युनिपरच्या काड्या निघाल्या त्यात. तीही बार्लीच का?"

कुणीच हसलं नाही. म्हाताऱ्याने एकीकडून दुसरीकडे पाहिलं, बादल्या खाली ठेवल्या, परत उचलल्या. "मी नंतर येतो," म्हणाले आणि मळक्या बर्फातून पाय उचलत निघून गेले.

"आइली, ऐक..."

"तूस कमी पडेल. तुझ्या तळघरात पोतं आहे ना?"

"मी आणते. तू थांब, मी आणते."

"तू पिंपाकडे बघ," आइली म्हणाली आणि कोट न घालताच बाहेर पडली.

डेल्फीनच्या घराला दिवसा कुलूप नसे. वरच्या मजल्यावर टीव्ही चालू होता. गॉर्डन झोपलेला किंवा जागा. आइली तळघराचा जिना उतरली. गिरणी बाकावर होती. रुळांच्या दोन्ही टोकांना फट ठरवायच्या दोन चकत्या असतात. योग्य फट कुठे ते दिसावं म्हणून तिनेच त्यांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके लावले होते. थरथरीने सरकल्या तर एका बाजूची चकती जास्त सरकते, दुसरी थोडी कमी. इथे दोन्ही चकत्या सारख्याच फिरलेल्या होत्या, दोन्ही ठिपके एकाच अंतरावर. आणि दोन्हींचे स्क्रू घट्ट आवळलेले.

बाकाच्या वर, पाण्याच्या पाइपावर एक मोठी विरळ कापडाची पिशवी वाळत घातली होती. आइलीने ती हातात घेतली. शिवणीत रायचा चुरा अडकला होता आणि दोन-तीन वाळलेल्या ज्युनिपरच्या सुया. तिला सगळं कळायला तेवढं पुरेसं होतं. काही जण पिंप आणि जाळी वापरतच नाहीत. धान्य पिशवीत घालून भिजवतात आणि चहाच्या पुरचुंडीसारखी अख्खी पिशवी वर उचलतात. तसं करणाऱ्याला टरफलांची गरज नसते. तो धान्य जितकं बारीक करेल तितका रस गोड.

कोपऱ्यात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला एक ड्रम होता. त्याच्या तोंडावरच्या नळीतून बुडबुडे येत होते. ब्लँकेट बाजूला करायची गरज नव्हती. तो वास ती डोळे मिटून ओळखू शकली असती. तो तिनेच जुळवला होता, एकामागून एक फसलेले घाणे ओतून देत.

पिशवी घेऊन ती परत आली. डेल्फीन पिंपाच्या काठावर दोन्ही हात ठेवून उभी होती. पिशवी पाहिल्यावर तिने हात काढून घेतले.

"कधीपासून?" आइलीने विचारलं.

"आइली, मी सांगणारच होते."

"कधीपासून, डेल्फीन?"

"जानेवारी."

"कोणासाठी?"

"मार्क्वेटला. तो मोठा पब निघतोय ना, तळ्याच्या काठी. त्यांना बिअर करणारं माणूस हवंय. ते विमा देतात. नवऱ्यासकट." ती मागे भिंतीला टेकली. "गॉर्डनला आता डायलिसिसवर घ्यावं लागेल. आपलं दुकान मला कुठला विमा देणार होतं? तूच सांग."

"आणि तू त्यांना ही बिअर दिलीस."

"त्यांनी नमुने मागितले. एकदा नाही, तीनदा. मी दुसरं काय देणार? माझ्याकडे दुसरं काय आहे?"

"ही तुझी नव्हती."

"निम्मी होती!"

"मग निम्मीच द्यायचीस."

आइलीला वाटलं होतं की आपला आवाज चढेल. तो चढला नाही. वर्गात कुणी परीक्षानळी फोडली की जायचा तसा खाली गेला, आणि ते तिलाच जास्त भीतिदायक वाटलं.

"मी राजीनामा द्यायच्या आदल्या रविवारी तुझ्याकडे आले होते," ती म्हणाली. "तुझ्या स्वयंपाकघरात बसले होते. पत्र पिशवीत होतं. तुला विचारलं, देऊ का?"

"हो."

"तू म्हणालीस, दे. मी आहे ना."

"गॉर्डन समोर बसला होता. मला बोलता येईना."

"गॉर्डनला माहीत होतं?"

डेल्फीनने रस्त्यापलीकडे स्वतःच्या घराच्या खिडकीकडे पाहिलं. त्या रविवारी गॉर्डनने आइलीला स्वतःच्या हाताने कॉफी ओतून दिली होती. शूर बाई आहेस, म्हणाला होता. आणि राजीनामा दिल्यावर डेल्फीन वेणीसारखा गुंफलेला वेलचीचा पाव घेऊन आली होती, आइलीच्या आईकडून शिकलेला. दारातच गळ्यात पडून रडली होती. आइली आजवर त्याला आनंदाचं रडणं समजत होती.

"मला अजून नक्की कळवलेलं नव्हतं त्यांनी," डेल्फीन घाईघाईने म्हणाली. "नाही झालं असतं तर मी तुझ्याबरोबरच होते. खरंच होते. मी दोन्हीकडे..."

"आता कळवलंय?"

"गुरुवारी." तिने डोळे पुसले. "मंगळवारी भरडत होते, तेव्हा अजून कळलं नव्हतं. त्यांचं आधी भरडलं, मग आपलं घ्यायचं होतं, मध्येच गॉर्डनने हाक मारली. त्याला उलट्या होत होत्या. परत खाली आले आणि तशीच ड्रिल चालू केली. फट परत करायची राहिली. शपथ, मुद्दाम नाही केलं."

"ते मला माहीत आहे," आइली म्हणाली. आणि मग तिला ते सुचलं, जे तळघरातच सुचायला हवं होतं. "फेब्रुवारीत?"

"काय?"

"फेब्रुवारीत पिंप तुंबलं, तेव्हाही फट तशीच राहिली होती?"

"घरी गेल्यावर दिसलं मला."

"आणि दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, चूक माझी. राय कमी करते. तू मान हलवलीस."

डेल्फीन वल्ह्याला चिकटलेला भरडा नखाने काढू लागली.

"मार्क्वेटला किती राय घालतेस?"

"आइली, नको ना."

"किती?"

"चाळीस," डेल्फीन म्हणाली. "आधीचीच. तीच चांगली होती."

पिंपाच्या झाकणाखालून वाफेची एक रेघ निघत होती. आइली पिंपापाशी गेली आणि झाकण नीट बसवलं. गॉर्डनचं आजारपण तिला कळत होतं. विमा कळत होता. भीती कळत होती, पोटातली आणि पैशांची. कदाचित नोकरी लपवणंही कधीतरी कळलं असतं. पण तिने स्वतःची बिअर स्वतःच्या हाताने बिघडवली होती आणि ही बाई शेजारी उभी राहून मान डोलवत होती, आणि चांगली होती ती दुसऱ्यांना नेऊन देत होती. दोन महिने आइली ती गुळमट बिअर चाखत स्वतःच्या जिभेवर शंका घेत होती. या गोष्टीला तिच्याकडे कुठलाच खुलासा नव्हता.

डेल्फीनने पिंपाला हात लावून पाहिला. मग हळूच म्हणाली, "थंड होतंय. पिशवीत ओतलं तर लगेच निथळेल."

ते बरोबर होतं. इतक्या बारीक भरड्याला दुसरा उपाय नव्हता. भरडा असाच राहिला तर उद्यापर्यंत आंबला असता. आणि भरलेली पिशवी एकीला उचलण्यासारखी नव्हती.

"धर," आइली म्हणाली.

त्यांनी रिकाम्या पातेल्याच्या काठावर पिशवी ताणून बसवली, दोघींनी मिळून पिंप कलंडवलं आणि भरडा तिच्यात ओतला. मग दोन्ही बाजूंनी काठ धरून पिशवी वर उचलली. दोघी एकमेकींच्या समोरासमोर, चेहरे हातभर अंतरावर, दंड थरथरत होते. रस धो धो कोसळला. गराज त्या आवाजाने भरून गेलं. सकाळपासून त्या याच आवाजाची वाट बघत होत्या. आइली पिशवीच्या शिवणीकडे बघत राहिली, दुसरीकडे कुठे बघावं लागू नये म्हणून.

धार थांबल्यावर त्यांनी पिशवीतलं धान्य परत पिंपात ओतलं. मग आइलीने सवयीने काचेच्या उंच भांड्यात थोडा रस घेतला, निवू दिला आणि साखर मोजायची नळी त्यात सोडली. नळी वर तरंगली. तिने वाकून आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. इतका गोड रस या गराजमध्ये कधी निघाला नव्हता.

डेल्फीनने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "अगं बाई!" तिच्या तोंडून नकळत गेलं. "बघितलंस? बारीक दळल्याचा एवढा तरी..."

आइलीने नळी बाहेर काढून पुसली.

"तू जा आता, डेल्फीन."

"उकळायचंय अजून. तू एकटी कशी..."

"जा."

"मी त्यांना नाही म्हणून सांगते. आत्ता फोन करते, तुझ्यासमोर."

तिने खरंच फोन बाहेर काढला. आइलीला दिसलं की ती या क्षणी मनापासून बोलते आहे. त्या रविवारीही ती मनापासूनच बोलली असेल.

"नको करूस," आइली म्हणाली. "गॉर्डनला विमा लागणार आहे. नोकरी घे. त्यांना चाळीसच टक्के घाल, चांगली लागते. पण माझ्या दारात येऊ नकोस."

"कधीच?"

"मला माहीत नाही. आज मला काहीच माहीत नाही. पिशवी घेऊन जा."

डेल्फीनने ओली पिशवी आधी हातात घेतली, मग छातीशी धरली. स्वेटरवर डाग पसरत गेला. रस्ता ओलांडताना तिने दोनदा मागे पाहिलं. आइलीने दार बंद केलं नाही, पण ती दाराकडे पाठ करून उभी राहिली.

तिने गॅस पेटवला. रसाचं पातेलं चुलीवर चढवताना ते तिला उचलेना, तेव्हा तिने त्यातला रस मगाने दुसऱ्या पातेल्यात थोडा थोडा काढला, रिकामं झालेलं पातेलं चुलीवर ठेवलं आणि रस परत ओतला. दुप्पट वेळ लागला. हात पुसून तिने लाँड्रीच्या जागेच्या मालकीण केम्पायनेनबाईंना फोन लावला.

"सोमवारचं सांगायचं होतं," ती म्हणाली. "करारावर एकच सही असेल. माझी."

"डेल्फीनला बरं नाही का?"

"ती बरी आहे."

केम्पायनेनबाईंनी या गावात अनेक दुकानं उघडताना आणि बंद होताना पाहिली होती.

"तुला करायचंय का पण हे एकटीला?" त्यांनी विचारलं. "जागा तशीच राहते, मी काही लगेच कुणाला देत नाही. थोडी थांब. विचार कर."

"थांबून काय करू? शाळा गेली."

"अगं, पण त्यातली कामं! मी पाहिलंय तुम्हाला उन्हाळ्यात, दोघी मिळून उचलायचात तरी तोंडं लाल व्हायची. ते पिंप एकटीने उचलशील?"

"नाही," आइली म्हणाली.

"मग?"

रस उकळायला लागला होता. कडेने तपकिरी फेस जमत होता आणि बघता बघता पातेल्याच्या काठापर्यंत चढला. तिने फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला, वाकून गॅस बारीक केला आणि फेस खाली बसेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

"लहान पिंप घेईन," ती म्हणाली.